पंपावर कोरलेले नाव

आमच्या खंडाळ्यात गाडीची परीक्षा घाट घेतो. खोपोली मागे पडली, शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हरने नाणे टाकले, की पुढच्या काही मैलांत दीड हजार फुटांहून अधिक चढ आहे. सपाटीवर मुकाट्याने चालणारा ट्रक इथे आपली सगळी दुखणी बोलून दाखवतो. चढावर दम लागला आणि मागे काळ्या धुराचा लोट उठला, की टपरीवर चहा पिणारा कोणीही जाणता माणूस नुसत्या नजरेने सांगतो, पंप गेला.

हा पंप म्हणजे डिझेल गाडीचा फ्युएल इंजेक्शन पंप. माझे वडील जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रकवर टाकी बसवून उन्हाळ्यात बंगल्यांना पाणी पुरवतात. दोन वर्षांपूर्वी त्या ट्रकचा पंप उतरवावा लागला. बिल पंचवीस हजारांच्या घरात गेले आणि ते वडिलांनी तीन हप्त्यांत फेडले. त्या वर्षीची माझी फी, पुस्तके आणि एस. टी.चा पास हे सगळे मिळूनही त्या बिलाच्या जवळपास पोचत नव्हते, म्हणून तो कागद मी पुन्हापुन्हा वाचला. मजुरी पाचवा हिस्सासुद्धा नव्हती. बाकी सगळे सहाच्या पटीत होते: सहा एलिमेंट, सहा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, सहा नोझल. एलिमेंट हातात घेऊन पाहिले तर करंगळीएवढी पोलादी दांडी आणि ती जिच्यात सरकते ती नळी. एवढ्याशा लोखंडाला एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी एका माणसाच्या चरित्रापाशी जाऊन पोचलो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे की नाही, अशी शंका कोणी काढील. पण हा लेख यंत्रावर नाही, त्या माणसावर आहे. त्याचे नाव रॉबर्ट बॉश.

तरीही पंपाची थोडी ओळख करून दिल्याशिवाय माणूस कळणार नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. तिथे हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होण्याच्या बेतात येते, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्यात तेलाचा फवारा सोडतात. तेल आपोआप पेटते. आता हा फवारा केवढा? भरल्या गाडीने घाट चढताना एका सिलिंडरला एका वेळी साधारण एक-दीड थेंब. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर सहा सिलिंडरांत मिळून सेकंदाला शंभर फवारे जातात. प्रत्येक फवारा सारख्याच मापाचा हवा, ठरल्या क्षणी सुटायला हवा, आणि जुन्या गाड्यांत नोझल उघडण्यासाठीच दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाब हवा. एवढ्या दाबाखाली तेल बाजूने निसटू नये म्हणून दांडी आणि नळी यांच्यात मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागाएवढीच फट ठेवतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा तो विसावा हिस्साही नाही. म्हणूनच ही जोडी एकमेकींशी घासून जुळवलेली असते. एका नळीची दांडी दुसरीत चालत नाही, आणि एक बिघडली की दोन्ही बदलावी लागतात. दांडीवर एक तिरकी खाच असते. ॲक्सिलरेटर दाबला की दांडी किंचित फिरते, खाच पुढेमागे होते आणि थेंब लहानमोठा होतो. इतकी साधी युक्ती आहे. ती साधी दिसावी म्हणून किती वर्षे गेली, ते पुढे येईल.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीत, उल्म शहराजवळच्या अल्बेक या खेड्यात झाला. आपल्याकडे बोरघाटात रेल्वेचा मार्ग खोदणे चालू होते, तो हा काळ. बारा भावंडांत तो अकरावा. घरी शेती होती आणि रस्त्यालगत एक खानावळ होती. प्रवासी आणि गाडीवान तिथे उतरत. आजच्या भाषेत सांगायचे तर ढाबेवाल्याचा मुलगा. वडील सर्व्हाटियस हे बऱ्यापैकी शिकलेले, स्वतंत्र बाण्याचे, होमिओपॅथीवर विश्वास असणारे गृहस्थ होते. मुलाने यापैकी बरेच काही उचलले, होमिओपॅथीसकट.

शाळेत रॉबर्टचे मन फारसे रमले नाही. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला उल्ममधल्या एका सूक्ष्मयंत्र बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. हा मालक शिकवण्याच्या बाबतीत बेफिकीर होता आणि त्याची आठवण बॉशने जन्मभर कडवटपणे ठेवली. मला वाटते, पुढे स्वतःच्या कारखान्यात उमेदवार मुलांसाठी त्याने वेगळे शिक्षण उभे केले, त्याचे मूळ इथे आहे. वाईट गुरूचाही असा एक उपयोग होतो. तेथून पुढची सात वर्षे तो गावोगाव भटकत राहिला: कोलोन, हानाउ, न्यूरेंबर्ग, मध्ये लष्करातली नोकरी, मग स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात एक हिवाळा पाहुणा विद्यार्थी म्हणून. पदवी त्याने कधीच घेतली नाही. १८८४ साली तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे त्याने नाइट्स ऑफ लेबर या कामगारांच्या संघटनेचे सभासदत्व घेतले. पुढे हजारो कामगारांचा मालक झालेला हा मनुष्य एके काळी संघटनेचा सभासद होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत त्याचा फार काळ निभाव लागला नाही. लंडनला सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात काही काळ काढून तो मायदेशी परतला.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागल्या अंगाला त्याने स्वतःचे वर्कशॉप उघडले. वय पंचवीस. भांडवल वारशातून मिळालेले दहा हजार मार्क. मनुष्यबळ म्हणजे एक कारागीर आणि निरोप पोचवणारा एक पोरगा. टेलिफोन बसवणे, विजेच्या घंटा लावणे, इमारतींवर वीजरोधक चढवणे, मिळेल ते काम. पुढच्याच वर्षी त्याने आना कायझर हिच्याशी लग्न केले. पहिली कित्येक वर्षे ओढग्रस्तीची गेली. कधी काम हाताशी आहे, कधी नाही. १८९०च्या सुमारास एकदा तर जवळजवळ सगळी माणसे कमी करावी लागली, आणि घरच्यांचा आधार व बँकेचे कर्ज नसते तर दुकानाला कुलूप लागले असते. त्या दिवसांत तो गिऱ्हाइकांकडे सायकलवरून जाई. सायकल हीच तेव्हा नवलाची वस्तू होती. इथे मला आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. बॉशपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले आणि तेथून नांगर, कडबा कापायची यंत्रे आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी असा प्रवास केला. दोघांच्या मुळाशी भांडवल थोडे, पदवी नाही आणि हाताला लागलेली खोटी वस्तू सहन न होण्याचा स्वभाव, एवढेच दिसते.

बॉशला वर काढले ते एका आगंतुक गिऱ्हाइकाने. १८८७ साली एका यंत्र बनवणाऱ्याने त्याला विचारले की, गॅसच्या इंजिनाला ठिणगी देणारे एक यंत्र शॉर्नडोर्फ गावी चालते आहे, तसे करून द्याल का. बॉश ते पाहून आला, त्यावर पेटंट नाही याचा अदमास घेतला आणि त्याहून बरे यंत्र बनवून दिले. हाच मॅग्नेटो. म्हणजे ज्या वस्तूने त्याचे नाव जगभर झाले, ती मुळात त्याची कल्पना नव्हती. त्याच्या चरित्रात ही गोष्ट पुन्हापुन्हा येते. बॉश हा एडिसनसारखा संशोधक नव्हताच. दुसऱ्याच्या अर्धवट कल्पनेला तो रोज चालणारी, न बिघडणारी, हजारोंच्या संख्येने सारखी निघणारी वस्तू बनवीत असे. हे काम कमी प्रतीचे आहे असे आपल्याकडे मानतात. मला ते पटत नाही, आणि ज्याची गाडी घाटात बंद पडली आहे अशा कोणालाही ते पटणार नाही.

१८९७ साली एक फ्रेंच मोटार-तिचाकी त्याच्या दुकानात आली. बॉशचा मॅग्नेटो मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांच्या संथ इंजिनासाठी होता. या चिमुकल्या इंजिनाचे फेरे अठराशेपर्यंत जात. त्याचा कारागीर आर्नोल्ड झेरिंगर याने तोड काढली: तारांचे जड वेटोळे हलवण्याऐवजी ते स्थिर ठेवायचे आणि त्याच्याभोवती एक हलकी नळी तेवढी झुलवायची. तेव्हापासून बॉश मोटारींच्या धंद्यात आला. आणखी चार वर्षांनी गॉटलोब होनोल्ड परत आला. हा पूर्वी त्याच्याच दुकानात उमेदवार होता आणि मग शिक्षण घेऊन आला होता. त्याने १९०२ साली स्पार्क प्लगसह उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. मोटारसायकलला आपण जो प्लग बदलतो त्याचा वंश इथून निघतो. १९०६ साली कारखान्यातून एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला.

त्याच १९०६ साली बॉशने कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. जर्मनीत तेव्हा दहा तास ही सर्वसाधारण रीत होती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मिळवली ती १८९० साली, आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात आठ तास आले १९१२ मध्ये. यावरून बॉशच्या पावलाचे महत्त्व समजेल. शेजारीपाजारी कारखानदारांनी त्याला तांबडा बॉश असे नाव ठेवले. समाजवादी विचारवंत कार्ल काउट्स्की याच्याशी त्याचा घरोबा होता, त्यामुळे या नावाला जोरच आला. परंतु बॉशची भूमिका धर्मादायाची नव्हती. थकलेला माणूस खराब माल काढतो, आठ तासांच्या दोन पाळ्यांत यंत्रे अधिक वेळ चालतात, असा त्याचा रोखठोक हिशेब होता. आपण श्रीमंत आहोत म्हणून चांगला पगार देतो असे नसून चांगला पगार देतो म्हणून श्रीमंत आहोत, अशा अर्थाचे त्याचे बोलणे प्रसिद्धच आहे. एवढे असूनही १९१३ साली त्याच्या कारखान्यात संप झाला आणि त्याने टाळेबंदी केली. ज्यांना आपण सर्वांच्या आधी आठ तास दिले त्यांनीच हत्यारे खाली ठेवावीत, हा घाव त्याला खोल लागला. त्यानंतर तो मालकांच्या संघटनेत गेला. माझ्या मते इथे बॉशचे चुकले. चांगला पगार ही उपकाराची बाब नाही हे तोच सांगत आला होता. मग उपकार फिटले नाहीत म्हणून रुसण्यात अर्थ काय?

माणूस काटकसरी, किंबहुना चिकट म्हणावा इतका. कारखान्यातून फिरताना जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी त्याने उचलली आणि समोरच्या कारकुनाला हे काय आहे असे विचारले. कारकुनाने टाचणी असे उत्तर दिले. बॉशने सांगितले की हा माझा पैसा आहे. ही गोष्ट त्याच्याबद्दल सर्वत्र सांगतात. आणि याच माणसाने १९१० साली स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाला दहा लाख मार्क दिले. पहिल्या महायुद्धात त्याच्या मॅग्नेटोंना अफाट मागणी आली, नफा ढिगाने झाला. माणसे मरत असताना आलेला हा पैसा त्याच्या घशाखाली उतरेना. त्यातला फार मोठा भाग त्याने नेकार नदीचा जलमार्ग करण्यासाठी देऊन टाकला. त्याच युद्धाने त्याचा अमेरिकेतला कारखानाही हिरावून घेतला. शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त होऊन विकला गेला. घरात याहून मोठे दुःख होते. एकुलता मुलगा, त्याचेही नाव रॉबर्ट, मज्जासंस्थेच्या दीर्घ दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि १९२१ साली गेला. ज्याच्या हाती सगळे सोपवायचे तोच राहिला नाही. आनाशी असलेला संसारही पुढे टिकला नाही.

साठी उलटलेला, मुलगा गमावलेला, परदेशी बाजार हातचे गेलेले. अशा वेळी पुष्कळ माणसे हिशेब आवरते घेतात. बॉशने १९२२च्या अखेरीस डिझेलचा पंप करायचा निर्णय घेतला.

यामागे धंद्याची दूरदृष्टी होती, तशी निकडही होती. बॅटरीची ठिणगी स्वस्त पडू लागली होती आणि मॅग्नेटोचे दिवस भरत आले होते. इकडे डिझेलचे इंजिन पंचवीस वर्षे एका जागी अडून बसले होते. रुडॉल्फ डिझेलने ते १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालवून दाखवले होते. तेलाची बचत अशी की दुसरे कोणते इंजिन त्याच्या पासंगाला पुरत नव्हते. पण तेल आत कसे ढकलायचे, ही अडचण डिझेलला नीट सुटली नाही. नुसत्या पंपाने तेल दाबायचे त्याचे प्रयत्न तेव्हाच्या कारागिरीच्या मर्यादेत बसेनात. शेवटी त्याने दाबलेल्या हवेच्या जोरावर तेल फुंकायची पद्धत घेतली. त्यासाठी इंजिनाशेजारी भलामोठा कॉम्प्रेसर हवा. तो जहाजात मावतो, कारखान्यात मावतो, ट्रकच्या बॉनेटखाली मावत नाही. डिझेल स्वतः २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. आपले इंजिन रस्त्यावर आलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९२४च्या सुमारास बेंझ आणि मान या कंपन्यांनी कॉम्प्रेसरवाचून चालणारे डिझेल ट्रक काढले. पण प्रत्येकजण आपापला पंप बनवी, आणि तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नसे.

बॉशच्या माणसांनी १९२३च्या सुरुवातीलाच पंपाचे डझनभर निरनिराळे नमुने केले. त्याच वर्षी इंजिनावर चाचण्या सुरू झाल्या. होनोल्ड मात्र त्या मार्चमध्ये वारला. उजवा हात गेल्यासारखे झाले, पण काम थांबले नाही. १९२५च्या उन्हाळ्यात अखेरचा आराखडा पक्का झाला. तरीही माल बाजारात गेला नाही. का, तर एक पंप उत्तम बनवणे निराळे आणि हजार पंप हुबेहूब बनवणे निराळे. केसाच्या विसाव्या भागाची फट हजारो जोड्यांत राखायची तर तशी पोलादाची जात, तशी घासण्याची यंत्रे, तशी मापे आणि तसे हात तयार व्हावे लागतात. त्यात १९२५-२६ साली जर्मन मोटारधंद्यावर मंदी आली, बॉशला कामगार कमी करावे लागले. पंपावर मात्र खर्च चालूच राहिला. अखेर १९२७ साली पहिल्या हजार पंपांची तुकडी कारखान्यातून निघाली. ट्रकवाल्यांना आता तयार, खात्रीचा, सुट्या भागांसह मिळणारा पंप हाती आला, आणि डिझेलचे इंजिन खऱ्या अर्थाने रस्त्याला लागले. नऊ वर्षांनी, १९३६ मध्ये, मर्सिडीज-बेंझची डिझेलवर चालणारी मोटारही बॉशच्याच पंपावर निघाली.

माझ्या बिलाचे उत्तर मला इथे मिळाले. करंगळीएवढ्या पोलादात लोखंडाची किंमत नगण्य आहे. मोजावे लागते ते त्या फटीचे मोल. आणि ती फट राखणारे तेल म्हणजे डिझेलच, कारण या दांडीला दुसरे वंगण नसते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले की वंगण पातळ होते, पाणी शिरले की गंज चढतो, फिल्टर वेळेवर बदलला नाही की धुळीचा कण त्या पोलादावर ओरखडा काढतो. एकदा ओरखडा उठला की तेल बाजूने निसटते, थेंब लहान होतो, गाडी ओढत नाही. मग काही ड्रायव्हर पंपाचे शिशाचे सील तोडून तेल वाढवून घेतात. घाटात क्षणभर ओढ येते, पण जास्तीचे तेल नीट जळत नाही, धूर होतो, इंजिन तापते आणि लिटरमागचे अंतर घटते. पंप दुरुस्त करणारा मिस्त्री जुळवणी झाल्यावर पंप बाकावर चढवतो, ठराविक फेरे फिरवतो आणि सहा काचेच्या नळ्यांत पडलेले तेल डोळ्यांच्या रेषेत धरून पाहतो. सहाही नळ्यांत पातळी सारखी येईपर्यंत तो कमीजास्त करीत राहतो. आमच्या पंपाला त्याने यासाठी अर्धा दिवस घेतला. मजुरीचा आकडा बिलात सर्वांत खाली आणि सर्वांत लहान होता. मला तर वाटते, महाग म्हणायचे तर तो आकडा कमी पडतो.

बॉशच्या अखेरच्या वर्षांविषयी लिहिताना हात जड होतो. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. बॉश मनाने उदारमतवादी, फ्रान्सशी सख्य व्हावे म्हणून झटलेला. नाझी राजवट त्याला मान्य नव्हती. त्याने ज्यू संस्थांना पैसा दिला, छळ झालेल्या माणसांना नोकरीत ठेवून घेतले. हिटलरविरोधी कटाचा पुढे नेता झालेला कार्ल गोर्डेलर याला १९३७ साली सल्लागार म्हणून पदरी घेतले, आणि त्या पदाच्या आडून त्याला हिंडता-फिरता आले. बॉशच्या मागे कारभार पाहणारा हान्स वाल्ट्स याला ज्यूंना वाचवल्याबद्दल १९६९ साली इस्राएलने गौरवले. ही एक बाजू झाली. दुसरी अशी की हाच कारखाना हिटलरच्या सैन्याला पंप, मॅग्नेटो आणि विजेची सामग्री पुरवीत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या कारखान्यांतून सुमारे वीस हजार माणसांना सक्तीने राबवण्यात आले. त्यांत युद्धकैदी होते आणि छळछावण्यांतली माणसेही होती. ज्याने आठ तासांचा दिवस आणला त्याच्याच नावाच्या छपराखाली हे घडले. आत एक आणि बाहेर एक असे वागून माणसे वाचवता येतात हे खरे, पण त्या काळात निघालेल्या प्रत्येक पंपावरही त्याचेच नाव होते. बॉशची बाजू घेणारे पहिलीच गोष्ट सांगतात, विरोधक दुसरीच. चरित्र म्हणून वाचायचे तर दोन्ही एकाच पानावर ठेवावी लागतात.

१९४० साली स्टुटगार्टमध्ये त्याने बांधलेले होमिओपॅथीचे रुग्णालय सुरू झाले. वडिलांची आठवण म्हणा ना. १२ मार्च १९४२ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. ज्या राजवटीचा त्याला तिटकारा होता, तिनेच सरकारी इतमामाने त्याची अंत्ययात्रा काढली. मेल्यावर माणसाला नकार देता येत नाही. त्याचे सविस्तर चरित्र थिओडोर हॉइस यांनी लिहिले, आणि ते पुढे १९४९ साली पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

दुसऱ्या विवाहापासून बॉशला एक मुलगा आणि एक मुलगी झाली होती, पण कारखाना वारसांनी वाटून घ्यावा असे त्याच्या मनात नव्हते. त्याच्या इच्छेप्रमाणे १९६४ पासून कंपनीचे बहुतेक भाग एका लोकोपयोगी न्यासाकडे आले. आजही नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्याच न्यासाचे आहेत आणि त्यांचे उत्पन्न आरोग्य, शिक्षण अशा कामांत जाते. आपल्याकडच्या टाटांच्या विश्वस्त संस्थांशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. पैसा गेला तरी चालेल, विश्वास जाता कामा नये, हे बॉशचे सूत्र त्या कंपनीत अजून सांगतात. डिझेल मोटारींच्या धुराची मापे लपवणारा घोटाळा २०१५ साली उघडकीला आला, तेव्हा त्यातल्या यंत्रणेचा काही भाग याच कंपनीने पुरवलेला निघाला, आणि २०१९ साली देखरेखीतल्या हलगर्जीपणाबद्दल तिला नऊ कोटी युरो दंड भरावा लागला. ज्या न्यासासाठी नफा राखून ठेवायचा, त्याच नफ्यातून तो गेला.

हिंदुस्थानात बॉशचा माल १९२२ पासून कलकत्त्याच्या एका पेढीमार्फत विकला जाऊ लागला. म्हणजे ज्या वर्षी त्याने पंपाचा निर्णय घेतला त्याच वर्षी. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली आणि बंगलोरला स्पार्क प्लग व इंजेक्शन पंप होऊ लागले. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघत होते. त्यांच्या इंजिनांना देशी बनावटीचा पंप मिळाला, आणि या कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून झालेले मायको हे नाव ट्रकवाल्यांच्या तोंडी असे बसले की प्लग म्हणजे मायको आणि पंप म्हणजेही मायको. पुढे महाराष्ट्रात, नाशिकच्या सातपूरला, तिचा दुसरा कारखाना झाला. तिथे नोझल आणि इंजेक्टर बनतात. घाटातल्या गाडीच्या पोटात जो शेवटचा थेंब फुटतो, तो पुष्कळदा नाशिककरांच्या हातच्या भोकातून फुटलेला असतो.

आता एका रांगेत सहा दांड्या असलेला हा पंप नव्या गाड्यांतून गेला आहे. १९९७ पासून मोटारींत कॉमन रेल नावाची पद्धत आली. तीत एकच पंप सर्व नोझलांसाठी दाब साठवून ठेवतो आणि थेंबाचे माप विजेवर चालणारी झडप ठरवते. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर तर जुन्या पंपाला नव्या ट्रकमध्ये जागाच उरली नाही. तो राहिला आहे जुन्या टँकरांत, ट्रॅक्टरांत, विटा आणि खडी वाहणाऱ्या गाड्यांत. बाक आणि काचेच्या सहा नळ्या घेऊन बसणारे मिस्त्री त्यांच्याच जिवावर आहेत, आणि त्यांची मुले हे काम शिकेनाशी झाली आहेत. कॉमन रेलच्या दुरुस्तीला लागणारा बाक घ्यायचा तर एका माणसाच्या दुकानाला तो झेपत नाही.

कंपनीनेही २००८ साली मायको हे नाव सोडून संस्थापकाचे नाव घेतले. पण नाशिकमध्ये रिक्षावाल्याला बॉश सर्कल सांगितले तर तो दुसऱ्यांदा विचारतो. मायको सर्कल म्हटले की लगेच मीटर टाकतो.